फ्रेंच येणारी मुलगी

मला फ्रेंच येतं याबद्दल माहेरी किंवा सासरी कुणाला कधी शंका आली नाही. शंका होती ती फक्त मला, आणि कॉलेजात मला फ्रेंच शिकवणाऱ्या पारशी बाईंना. बी.ए. होईपर्यंत मला फ्रेंचमधून निबंध लिहिता येऊ लागला होता, उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं देता येत होती, आणि एखादा फ्रेंच माणूस खरोखर समोर आलाच असता तर पळ काढता आला असता. बाईंनी स्वतः फ्रान्स पाहिलं नव्हतं. पण त्या देशाचा त्यांना असा काही अभिमान होता, की आम्ही एखादा शब्द वेडावाकडा उच्चारला की त्यांचा चेहरा आपल्याच घरातलं काचेचं भांडं फुटल्यासारखा होई.

फ्रेंच घ्यायचं ठरवलं वडिलांनी. मॅट्रिकला मला संस्कृतात चांगले मार्क होते आणि पुढे तेच घ्यावं असं मला वाटत होतं. पण वडील ठाण्याच्या कचेरीत नोकरीला होते, आणि तिथे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की फ्रेंचमध्ये मार्कांची खैरात असते. शिवाय संस्कृत येणाऱ्या मुली नौपाड्यात पैशाला पासरी होत्या. फ्रेंच येणारी एकही नव्हती. लग्नाच्या बाजारात ते उठून दिसेल हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या घरात न बोललेल्या गोष्टीच पक्क्या असत. पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यापासून ते कुणाही पाहुण्याला चहा यायच्या आत सांगत, "आमची मुलगी फ्रेंच करते." पुरणपोळी करते म्हणावं, तसं.

वडिलांच्या लेखी गोऱ्या लोकांच्या दोनच जाती होत्या. एक इंग्रज, जे नुकतेच गेले होते. दुसरे उरलेले सगळे, आणि ते फ्रेंच बोलत. म्हणून कल्याणजवळ नवा कारखाना उभा राहू लागला, यंत्रं बसवायला नॉर्वेचा एक इंजिनीअर बायकोसह आला, आणि त्याच्या मडमेला सोबतीला एखादी शिकलेली मुलगी हवी आहे अशी चौकशी कचेरीत आली, तेव्हा वडिलांनी क्षणाचाही विचार केला नाही. त्यांची भाषा बोलणारी मुलगी घरातच आहे, असं ते सांगून आले. मी म्हटलं, "अण्णा, ते नॉर्वेचे आहेत." ते म्हणाले, "मग? तुझं कॉलेज काय फुकट गेलं?"

कल्याणला खाडीच्या अंगाला त्यांचा बंगला होता. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. आपली ओळख होण्याचा मान मला लाभला आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. मडम पायपुसण्यावर अनवाणी उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिने ते वाक्य नीट ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, की हे मराठी का? मी म्हटलं, फ्रेंच. त्यावर ती इतकी हसली की पीठ माझ्या साडीवर उडालं. मग आम्ही दोघी आपापल्या मोडक्या इंग्रजीवर आलो. मला परत पाठवायचं सोडून तिने मला टेबलाशी बसवलं आणि खायला दिलं. आठवड्यातून तीनदा मी यावं, बाजारात तिच्याबरोबर जावं, तिला मराठी शिकवावं असं ठरलं. वडिलांना मी घरी येऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितलं, की मुलगी मडमेशी फाडफाड फ्रेंच बोलली.

मराठी ती फारशी शिकली नाही. मीच तिची भाषा शिकत गेले, आणि तीही शिकायची म्हणून नव्हे. ती कणीक तिंबताना बडबडे, कोळणीकडून सुके बोंबील घेताना स्वतःशी पुटपुटे, नवऱ्यावर चिडे. तिचं माहेर समुद्राकाठचं, मासे वाळवणाऱ्यांचं. आमच्या घरी मासळी शिजत नसे, आणि तिच्या घरात शिरलं की पहिला नमस्कार बोंबिलाच्या वासाला करावा लागे. वर्ष सरता सरता मला ती काय म्हणते ते कळू लागलं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी उत्तरं देऊ लागले. इतकी वर्षं घासलेली फ्रेंच माझ्या वहीत राहिली आणि ही न मागितलेली भाषा तोंडात येऊन बसली.

दोन्ही भाषा मग मनात शेजारी शेजारी राहू लागल्या, आणि मी त्यांची सारखी तुलना करी. फ्रेंचमध्ये शब्द लिहायचा लांबलचक आणि बोलताना निम्मा गिळायचा. पंगतीत आग्रह झाला की 'नको नको' म्हणत पानात वाढून घ्यायचं, त्यातलाच तो प्रकार. मडमेची भाषा बरीचशी लिहिल्यासारखी बोलली जाई, फक्त वाक्य वरखाली हेलकावत जाई, आमच्या मालवणकडच्या मावशीसारखं. फ्रेंचमध्ये वस्तू एक तर पुरुष नाही तर बाई. मडमेकडे आपल्यासारखं तो, ती, ते असं तिन्ही. टेबल त्यांच्याकडेही 'ते'च, हे कळलं तेव्हा मला नात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं. सूर्य मात्र त्यांच्याकडे बाई आहे. तिच्या गावाला तो हिवाळाभर येतच नाही, तेव्हा बाई असल्याशिवाय इतकं सोसून परत कोण येणार, असं ती म्हणे.

आकड्यांवरून तर त्या घरात भांडण होई. फ्रेंच लोक ऐंशीला 'चार वीस' म्हणतात. आमच्या आळीवरून जाणारी कोळीण मासळी विशांवरच मोजायची, पण पारशी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते साम्य आवडलं नव्हतं. मडम एकवीसला आपल्यासारखंच 'एक आणि वीस' म्हणे. पण त्यांच्या सरकारने हुकूम काढला होता, की यापुढे इंग्रजांसारखं 'वीस-एक' म्हणायचं. इंजिनीअरसाहेब हुकूम पाळत, ती पाळत नसे. सरकारने माझ्या तोंडात हात घालू नये, असं ती म्हणे आणि त्यांच्या ताटात मुद्दाम 'एक आणि वीस'च्या हिशेबाने बटाटे मोजून वाढल्याचं सोंग करी.

जेवण झालं की ते साहेब उठून तिच्याकडे बघत आणि म्हणत, "ताक फॉर मातन." जेवणाबद्दल आभार. रोज, प्रत्येक जेवणानंतर, आणि ज्याने रांधलं त्याला. त्यातल्या 'ताक'चा आपल्या ताकाशी संबंध नाही हे मी आईला समजावून सांगितलं. बाकीचं तिला समजावता आलं नाही. स्वयंपाक केल्याबद्दल नवरा बायकोचे आभार मानतो, हे ऐकून ती लाजली. आमच्याकडे सणासुदीला पंगत उठताना पुरुष मोठ्याने 'अन्नदाता सुखी भव' म्हणत, आणि ते वडिलांना उद्देशून असे. आई तेव्हा आत खरकट्याचं बघत असे. हे मी मडमेला सांगितलं तर तिला ते शब्द फार आवडले. तिने पाठच केले. तिला वाटलं ते आईसाठी आहेत, आणि मी तिचा तो समज राहू दिला.

पण खरा फरक होता तो 'मला हवं' म्हणण्याचा. पारशी बाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, की फ्रेंचमध्ये 'मला हवं' असं तोंडावर म्हणणं असभ्य. 'ज व्हुद्रे' म्हणायचं, म्हणजे 'मला आवडलं असतं'. मला हे अजिबात जड गेलं नाही. आमच्याकडच्या मुली जन्मतः तेवढी फ्रेंच शिकूनच येतात. मडमेच्या भाषेत 'कृपया'लासुद्धा धड शब्द नव्हता. 'याय विल' म्हणायचं, मला हवंय, की झालं. पाणी हवंय, जायचंय, नकोय. मला तो 'याय', म्हणजे 'मी', जमत नसे. तो दबका येई, चोरून गूळ खाताना बोलल्यासारखा. मडम चमचा टेबलावर आपटून म्हणे, "तुला हवंय ना? मग तशी म्हण." मी पुन्हा म्हणे, ती पुन्हा मान हलवी.

मग एके दिवशी मला खरोखरच काहीतरी हवंसं झालं. तिच्या गावाजवळ एक शाळा होती. मोठ्या मुलामुलींनी तिथे वर्षभर राहायचं, इतिहास-भाषा शिकायची, विणायचं, सगळ्यांचा स्वयंपाक पाळीने करायचा. परीक्षा नाही, मार्क नाहीत. मार्क नसलेली शाळा जगात आहे यावर माझा विश्वासच बसेना. मडमेची बहीण तिथे शिकवत होती. तिने माझ्यासाठी जागा ठरवली, आणि कारखान्याची यंत्रं आणणाऱ्या बोटीवरून परतीच्या प्रवासात मला नेण्याचंही साहेबांनी जमवून आणलं. उरली होती फक्त वडिलांची परवानगी. मला ते वर्ष हवं होतं. त्याआधी आणि त्यानंतर मला कशाचीही इतकी ओढ लागली नाही.

मडम स्वतः नौपाड्यात आमच्या घरी आली. सगळी आळी खिडक्यांतून बघत होती. वडील तिच्याशी अतिशय अदबीने बोलले. नाही म्हणणं त्यांच्या सौजन्यात बसत नव्हतं. ते इंग्रजीत म्हणाले, की कल्याणचं एक चांगलं स्थळ येत्या रविवारी बघायला येणार आहे. त्यांनी पसंत केली तर प्रश्नच मिटला. पण नकार आला, तर एक वर्षापुरती मुलगी तुमची. हा माझा शब्द. मडमेने उभं राहून त्यांचा हात हातात घेतला, तिकडे शब्द असाच घेतात. टांग्यापर्यंत मी तिला पोचवायला गेले तेव्हा ती तिच्या भाषेत एवढंच म्हणाली, "मग नकार मिळव."

नकार मिळवायचा म्हणजे काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. मी फिकी साडी नेसले, तर आईने बदलायला लावली. पोह्यांत मूठभर मीठ टाकलं, तर काकूने चव घेऊन दुसरे केले. त्या दिवशी घरातल्या बायका डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. कल्याणची माणसं आली. मुलाचे वडील वकिली केलेले, गळ्याभोवती उपरणं, आवाज खर्जातला. मुलगा बँकेत, मुकाट. मुलगी गाते का वगैरे त्यांनी विचारलंच नाही. वकीलसाहेब म्हणाले, की मुलीला फ्रेंच येतं असं ऐकून आम्ही मुद्दाम आलो, जरा म्हणून दाखवा.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर इतक्या वर्षांच्या फीचं समाधान होतं. आणि मला एकाएकी वाटलं, फ्रेंच म्हटली तर संपलं. कितीही वाईट म्हटली तरी ती यांना गोडच लागणार, गोड लागायलाच ती शिकवली होती. तर मग बोंबील घेताना बोलतात ती भाषा यांना ऐकवू. कानाला टोचेल, ही कसली फ्रेंच असं यांच्या मनात येईल. आणि निदान एकदा त्या खोलीत खरं बोललं तरी जाईल. मी मान वर केली आणि म्हटलं, "याय विल इक्के यिफ्ते मै. याय विल रायसे." मला लग्न करायचं नाही. मला जायचंय.

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. गाण्याच्या बैठकीत समेवर यावं तशी मान हलवून म्हणाले, "वा. ऐकून होतो, ते खोटं नाही. फ्रेंच ती फ्रेंच." आतून काकूचा 'गोड आहे गं बाई' असा आवाज आला. मी जागच्या जागी बसून राहिले. मुलाने तेवढ्यात पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्याने मला विचारलं, "अर्थ काय होतो याचा?"

हे मात्र मी कल्पिलं नव्हतं. विचारणाराही तोच, ज्याला सांगायचं होतं. मी श्वास घेतला, आणि माझ्या आधी वडील म्हणाले, "ईश्वराची प्रार्थना आहे." फ्रेंचचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण माझ्या बोलण्याचा अर्थ सांगायचा हक्क त्यांचा होता, आणि तो त्यांनी सहज बजावला. मुलाने हात जोडल्यासारखं केलं आणि पोहे संपवले.

त्या दिवसांत ठाण्यात भाषेवरून सभा गाजत होत्या. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य झालं पाहिजे म्हणून सगळी माणसं पेटली होती, आणि वडीलही कचेरीतल्या साहेबाची नजर चुकवून सभेला जात. कल्याणहून पसंतीचा निरोप आला त्या संध्याकाळी ते सभेहूनच परतले होते. घसा बसला होता. आईने दिलेलं कोमट पाणी पीत ते सांगत होते, की माणसाला आपलं म्हणणं आपल्या भाषेत मांडता आलं पाहिजे, यासाठी हा लढा आहे. मला वाटलं, याहून चांगली वेळ येणार नाही. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि चांगल्या शुद्ध, नौपाड्याच्या मराठीत म्हटलं, "अण्णा, मला जायचंय."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी पुढे बोलले असते.

"पसंती आली आहे," ते म्हणाले. "आता 'जायचं होतं' म्हण."

शब्द मात्र त्यांनी मोडला नाही, हे ते शेवटपर्यंत सांगत. नकार आला असता तर पाठवणारच होतो, मडमेला विचारा.

लग्न ठाण्यालाच झालं. मडम आणि साहेब दोघं आले. साहेबांना पाटावर मांडी घालता येईना म्हणून ते पाय पसरून बसले आणि वाढणारी माणसं त्यांच्या बुटांना वळसा घालून जात होती. मडम माझ्या समोरच्या ओळीत होती. तिच्याकडे बघून मला धीर आला होता. त्या मांडवात शेदोनशे माणसं होती, आणि मला काय हवं होतं हे त्यांतल्या एकीला ठाऊक होतं. नकार मिळव म्हणणारीही तीच.

घास द्यायची वेळ आली आणि नाव घ्या, नाव घ्या असा गलका झाला. उखाण्याला मी तयार होते, आईने दोन पाठ करून घेतले होते. पण सासरे उभे राहिले आणि म्हणाले, की मराठी उखाणे सगळ्याच घेतात, आमची सून फ्रेंचमध्ये नाव घेईल. मी ह्यांच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. मला राग आला होता, आणि रागाने माझा आवाज फुटला तो चांगला खणखणीत फुटला. "याय विल इक्के यिफ्ते मै. याय विल रायसे," असं मी म्हटलं, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे ह्यांचं नाव घेतलं.

टाळ्या पडल्या. मडमेचा जिलबीचा हात तोंडाशी थांबला. तिला कळलं. इतकं लख्ख कळलेलं मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. आता ती काहीतरी बोलेल. उठेल, साहेबांना सांगेल, वडिलांना त्या हातात घेतलेल्या शब्दाची आठवण करून देईल. काय होईल ते होवो, ती बोलेल. इंग्रजांना, सरकारला, कोळणीला, कुणालाच भीक न घालणारी बाई ती.

सासऱ्यांनीच तिला विचारलं. खास इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की तुम्ही तर तिकडच्याच, आमच्या सुनेची फ्रेंच कशी काय वाटली?

तिने जिलबी पानात ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "सुंदर," ती म्हणाली. "फारच सुंदर."

सासरे खूश झाले. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते, त्यांनाही कळलंच असणार. 'मला हवं' म्हणायला मला शिकवणारी बाई ऐन वेळी माझ्या पारशी बाईंहून सभ्य निघाली. फ्रेंच शिकायला तिला कॉलेज लागलं नाही, एक मांडव पुरला.

पंगत उठली तेव्हा ती वडिलांपुढे गेली, हात जोडले, आणि मी शिकवलेले ते शब्द एकेक अक्षर तोलून म्हणाली, "अन्नदाता सुखी भव." वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कितीतरी वर्षं ते सगळ्यांना ही गोष्ट सांगत. आई तेव्हाही आतच होती.

मग ती माझ्याकडे आली. माझे मेंदीचे दोन्ही हात तिने हातात घेतले. मी वाट पाहिली. ती वाकून माझ्या कानाशी, तिच्या भाषेत, हळूच म्हणाली,

"'याय' आज छान जमला तुला."